जर्सी घालून गोठ्यात

माझी उंची पाच फूट अकरा इंच आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक आधी तेच विचारतात. अंबाडीच्या बाजारात मागून बघणारा एखादा अजूनही "ओ दादा, जरा सरका" म्हणतो आणि मी वळले की खाली मान घालून निघून जातो. त्याच्यापेक्षा जास्त मलाच ओशाळायला होतं.

या उंचीचा उपयोग आयुष्यात एकदाच झाला. भिवंडीच्या कॉलेजात अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत मी उभी होते. खेळाचे सर रांगेच्या कडेकडेने चालत आले आणि माझ्याजवळ थांबले. स्वतः ते माझ्या खांद्याला लागत होते. वर बघून त्यांनी विचारलं, "काय खेळतेस?"

"काही नाही, सर."

"उद्यापासून बास्केटबॉल खेळतेस. सकाळी साडेसहाला ये."

मी गेले. चेंडू हातात कसा धरतात तेही माहीत नव्हतं. पण वर्षभरात दुसऱ्या कॉलेजच्या मुली मला बघून आपसात कुजबुजायला लागल्या. घरी याच उंचीवरून आई कपाळाला हात लावायची. "हिला नवरा कुठं शोधायचा?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची. मैदानात मात्र याच उंचीसाठी सर मला सेंटर म्हणून बोर्डाखाली उभं करायचे. आमचं कॉलेज आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकलं आणि मी विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचले. मरून रंगाची जर्सी, त्यावर पांढऱ्या अक्षरात कॉलेजचं नाव आणि खाली माझा नंबर. सर शिस्तीचे होते. स्वतः नेहमी पांढरा शर्ट आणि पांढरे बूट घालायचे. कुणाची जर्सी जमिनीवर पडलेली दिसली की त्या मुलीला मैदानाला फेऱ्या मारायला लागायच्या. "अंगावर कॉलेज आहे तुमच्या, पायपुसणं नाही," असं ते म्हणायचे.

खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळेल अशी सगळ्यांची खात्री होती. निवड चाचणीत मी चेंडू घेऊन उडी मारली आणि खाली येताना उजवा गुडघा आतल्या आत फिरला. ऑपरेशन झालं, वर्ष गेलं. चालता यायला लागलं, पण उडी मारायची म्हटली की पाय आधीच घाबरायचा. मग हायवेच्या कडेच्या एका गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरवर माल चढल्या-उतरल्याची नोंद ठेवण्याची ड्युटी धरली. तिथे होते तोवर वडिलांना लकवा मारला. भाऊ कल्याणला कंपनीत, त्याचा संसार तिथे. घरी म्हशी होत्या आणि म्हशींना माणसाचं आजारपण कळत नाही. सकाळ-संध्याकाळ धार काढायलाच लागते. थोडे दिवस म्हणून मी सुट्टी टाकली. ते थोडे दिवस अजून चालू आहेत. वडील गेले, म्हशी वाढल्या, आणि मी अडतिसाव्या वर्षाला लागले.

आमच्या भावकीत आता कुणी शेणात हात घालत नाही. सगळ्यांच्या जमिनी गोडाऊनखाली गेल्या. माझे चुलत भाऊ सकाळी पांढऱ्या गाड्या पुसून घेतात आणि दिवसभर त्यांच्या भाडेकरूंशी फोनवर बोलतात. त्यांच्या बायका शहरातून कपडे आणतात. आमचा तुकडा ओढ्याच्या उताराला. तिथे ट्रक वळत नाही, म्हणून त्याच्यावर गोडाऊन उभं राहिलं नाही आणि गोठा राहिला. गावात शेणाचा वास कुठून येतो असा प्रश्न कुणालाच पडत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

एका चुलत बहिणीच्या हळदीला काकीने मला दारातच हळूच बाजूला घेतलं. "बाय, आंघोल करूनशी येशील ना गो?" ती प्रेमानेच म्हणाली. मी दोनदा अंघोळ करून, केस लिंबाने चोळून आले होते. मी "येते" म्हटलं, घरी गेले आणि तिसऱ्यांदा अंघोळ केली. मग परत जायचं धाडस झालं नाही. डीजेचा आवाज आमच्या गोठ्यापर्यंत येत होता. आई म्हणाली, "जा ना गो." मी म्हटलं, पाय दुखतोय.

वासाचं असं असतं की तो ज्याचा असतो त्याला येत नाही. त्यामुळे मला दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर बघून अंदाज बांधायची सवय लागली. शेअर रिक्षात शेजारच्या बाईने पदर नाकाशी नेला की मी बाहेरच्या बाजूला सरकायचे. पुढे छोटा टेम्पो घेतला, तेव्हा लोकांना वाटलं धंदा वाढला. खरं तर मला रिक्षात बसायचं नव्हतं. धामणकर नाक्यावरच्या चहावाल्यांना आणि एका मिठाईवाल्याला आमचं दूध जातं. तिथे कॅन उतरवताना मी तोंडाला ओढणी घट्ट बांधलेली असते. धूर-धुळीमुळे सगळेच बांधतात, म्हणून कुणाला वेगळं वाटत नाही. चहावाले मला "मॅडम" म्हणतात. मला भीती असते ती कॉलेजमधलं कुणी भेटण्याची. पण ओढणीने तोंड झाकतं, उंची झाकत नाही.

आमच्या टीमचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. आमच्या कॅप्टनने तो काढला. ती आता ठाण्याच्या एका शाळेत खेळ शिकवते. बाकीच्या कुणी बँकेत, कुणी दुबईत. ग्रुपमध्ये कुणी कधी काय करतेस असं विचारलं तर मी लिहायचे, "घरचा बिझनेस." पुढे कुणी विचारलं तर नमस्काराचे दोन हात पाठवायचे.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी कॅप्टन तिच्या नवऱ्याबरोबर आणि लहान मुलीबरोबर वज्रेश्वरीला दर्शनाला निघाली. अंबाडीला पोचल्यावर तिला आठवलं की माझं गाव इथेच कुठेतरी आहे. तिने वडापाववाल्याला विचारलं, इथे एक खूप उंच बाई राहते, पूर्वी बास्केटबॉल खेळायची.

"म्हशीवाली का?" तो म्हणाला आणि त्याने तिला थेट आमच्या गोठ्यापर्यंतचा रस्ता सांगितला.

त्या वेळी मी शेण ओढत होते. अंगात जर्सी होती. तिचं कारण साधं आहे. बाजारात मिळणारा बायकांचा कुठलाही कुर्ता किंवा टी-शर्ट मला कमरेच्या वरच राहतो. वाकलं की पाठ उघडी पडते, आणि गोठ्यात दिवसभर वाकायचंच असतं. ती जर्सी मापाची शिवलेली, लांब आणि दणकट कापडाची. एकदा पावसाळ्यात सगळे कपडे ओले होते तेव्हा ती घातली. मग ती गोठ्यातच राहिली. मरून रंग आता विटकरी झालाय. नंबर अर्धा उडालाय. कॉलेजचं नाव मात्र पांढऱ्या धाग्याने भरलेलं असल्यामुळे पूर्ण वाचता येतं.

गाडीचा दरवाजा वाजला म्हणून मी वळले, तर समोर कॅप्टन. ती धावत आली आणि तिने मला मिठी मारली. मी दोन्ही हात हवेत लांब धरले होते, तिच्या ड्रेसला लागू नयेत म्हणून. तिची मुलगी गाडीजवळच थांबली. तिने नाक धरलं आणि मोठ्याने म्हणाली, "मम्मा, घाण वास येतोय."

"असं नाही बोलायचं," कॅप्टन म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला. मी हसून म्हटलं, "खरं तेच बोलतेय ती." मुलीने नाक धरलं याचं मला काही वाटलं नाही, लहान मुलं सगळीच धरतात. कॅप्टनने मात्र नाक धरलं नाही, सावकाश तोंडाने श्वास घेत राहिली, आणि ते मला दिसत होतं. तिचा चांगुलपणा मला सोसवेना. चहा घे म्हटलं तर ती थांबली, कप पूर्ण संपवला, म्हशींची चौकशी केली. निघताना तिने फोन काढला आणि मी काही म्हणायच्या आत माझा फोटो घेतला.

संध्याकाळी तो ग्रुपवर आला. हातात फावडं, मागे म्हशी, अंगात जर्सी. नंबरावर शेणाचा फटकारा. खाली कॅप्टनने लिहिलं होतं की आपली सेंटर अजूनही मैदानात आहे. मग हात जोडलेले, टाळ्या, बदामाची चित्रं. एकीने लिहिलं, "मातीशी नातं टिकवलंस." दुबईवालीने लिहिलं, "खरं आयुष्य तूच जगतेस." मी फोन उलटा ठेवला. त्या सगळ्या मनापासूनच बोलत होत्या. पण त्यांच्यातली एकही माझ्याशी जागा बदलायला तयार झाली नसती, आणि मीसुद्धा ती जागा आवडीने घेतली नव्हती. ज्यापायी आपल्याला तोंड लपवावंसं वाटतं त्याचंच कौतुक झालं की माणूस दुप्पट उघडा पडतो.

ग्रुपमध्ये सरही होते. ते कधी काही लिहायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

"म्हशी आहेत तुझ्याकडे?"

"हो, सर."

"किती वर्षं झाली?"

"बरीच झाली."

"मला कधी सांगितलं नाहीस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. जर्सीविषयी आता बोलतील, मग बोलतील अशी मी वाट बघत होते. ते बोलले नाहीत. म्हणाले, "माझं हे शेवटचं वर्ष. पुढच्या महिन्यात खेळांचा बक्षीस समारंभ आहे. प्रमुख पाहुणी म्हणून तू यायचंस."

"सर, मी कशाला? कॅप्टनला बोलवा ना."

"सकाळी दहाला सुरू होतो. साडेनऊला ये," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यांना नाही म्हणायची सवय मला तेव्हाही नव्हती. मी तयारीला लागले. साडी नवी घेतली. ब्लाउजच्या बाह्या शिंपिणीने दोनदा उसवून लांब केल्या. भिवंडीच्या बाजारात एका जुन्या अत्तरवाल्याकडे गेले. म्हातारे चाचा होते, पांढरी दाढी.

"किस के लिए चाहिए, बेटी?"

"मेरे लिए. ऐसा दो कि दूसरा कोई वास न आए."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि काचेच्या काडीने मनगटावर दोन-तीन प्रकार लावून दाखवले. शेवटी एक बाटली पुढे करत म्हणाले, "ये ले लो. लेकिन थोड़ा लगाना. ज़्यादा लगाओगी तो लोग पूछेंगे."

समारंभाच्या दोन दिवस आधी आमची एक म्हैस व्याली. गोठ्यातली सगळ्यात दुधाळ. रेडकू चांगलं होतं, चीक भरपूर निघाला. आई खूश होती. मी आदल्या संध्याकाळी गोठ्यात गेलेच नाही. आईला म्हटलं, आजची धार तू काढ, माझ्या केसांना वास नको. ती "बरा" म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

सकाळी मी परकर-ब्लाउजवर आरशासमोर उभी होते, तेवढ्यात बाहेरून आईची हाक आली. "बाय, ती उठत न्हाय गो."

खिडकीतून पाहिलं. हौदाजवळच्या मोकळ्या जागेत म्हैस बसली होती आणि तिने मान वळवून पोटाला टेकवली होती. व्याल्यानंतर जास्त दूध देणाऱ्या म्हशीचं कॅल्शियम असं एकाएकी उतरतं. मला बघताक्षणी कळलं. आई म्हणत होती, "कान थंडगार लागतान. हलवला तरी हलत न्हाय."

मी डॉक्टरांना फोन केला. ते अंबाडीलाच होते, येतो म्हणाले. फोन ठेवून मी साडीला हात घातला. डॉक्टर येतीलच, आई आहेच, मी गेले तरी काय बिघडतं, असं मनात होतं. निऱ्या काढल्या, खोचल्या, खांद्याला पिन लावली. आरशात एक नीटनेटकी उंच बाई उभी होती आणि तिला खिडकीकडे बघवत नव्हतं. बाहेर आई म्हशीच्या अंगावर पोती टाकत होती, एकटीच, तिच्या वजनाच्या कितीतरी पट जनावराभोवती फिरत. मी पिन काढली. साडी पलंगावर टाकली आणि दाराच्या खिळ्यावर लटकत होतं ते घातलं. ती जर्सीच होती.

डॉक्टर आले. त्यांनी म्हशीचे डोळे पाहिले, छातीला स्टेथोस्कोप लावला. आईने गरम पाण्यात ठेवलेल्या कॅल्शियमच्या बाटल्या काढून दिल्या. मानेच्या शिरेत सुई लावून झाल्यावर ते म्हणाले, "बाटली टांगायला इथं काही नाही. तू धर. अजून वर. हां, आता तिथंच. हे हळूच जायला पाहिजे, घाईने गेलं तर हृदय बंद पडतं. हात हलवू नको."

मी हात वर करून उभी राहिले. डॉक्टर कानात नळ्या घालून म्हशीच्या छातीशी बसले. फोन घरात वाजत होता. आई आत गेली आणि तिचं बोलणं मला ऐकू आलं. "ती न्हाय येऊ शकत. म्हैस बसलीय. न्हाय, न्हाय, तब्येत बरी हाय तिची. म्हशीची न्हाय बरी." बाहेर येऊन ती म्हणाली, "तुझं सर व्हतं."

"काय म्हणाले?"

"काय न्हाय. बरा म्हनलं."

आता प्राचार्यांच्या खोलीत ते काय सांगतील, याची मला कल्पना करवेना. प्रमुख पाहुणी म्हशीमुळे आली नाही. मांडवात हशा पिकेल. बाटलीतले बुडबुडे बघत मी उभी होते.

पहिली बाटली संपली, म्हशीने मान थोडी सरळ केली, पण उठायचं लक्षण नव्हतं. दोन तास वाट बघून डॉक्टरांनी दुसरी लावली. ती अर्ध्यावर आली असेल, तेव्हा गोठ्याच्या फाटकाशी गाडी थांबली. कॅप्टनची गाडी मी ओळखली. तिच्या शेजारच्या दारातून सर उतरले. पांढरा शर्ट, पांढरे बूट. केस पूर्ण पिकलेले. हातात पिशवी.

मला पळून जायचं होतं. निदान जर्सी झाकायला काहीतरी हवं होतं, पण दोरीवरची ओढणी हाताच्या अंतरावर नव्हती आणि हात हलवायचा नव्हता. सर चिखल चुकवत चुकवत आले. आधी त्यांनी म्हशीकडे पाहिलं. मग बाटलीकडे. मग माझ्या अंगाकडे. कॉलेजचं नाव त्यांच्या डोळ्यांच्या बरोबर समोर होतं. त्यांनी ते वाचल्यासारखं पाहिलं, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत.

"सर, झाला कार्यक्रम?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"झाला. प्राचार्यांनी बक्षिसं दिली."

"मी फोन करायला हवा होता."

"तुझ्या आईने सांगितलं ना." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मी माईकवर सांगितलं, तिची म्हैस आजारी आहे म्हणून ती आली नाही."

"हसले का सगळे?"

"थोडे हसले," सर म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "मग टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या ते मला कळलं नाही."

त्यांनी पिशवीतून शाल आणि नारळ काढला. नारळ आईच्या हातात दिला. शाल उलगडून ते माझ्या मागे गेले. त्यांचा हात माझ्या खांद्यावर नीट पोचेना, ते टाचा उचलून प्रयत्न करत होते. मी म्हटलं, "सर, नको. खराब होईल." ते म्हणाले, "तू हलू नको." शाल एका खांद्यावर राहिली, दुसरीकडून घसरली. कॅप्टनने पुढे होऊन ती पकडली आणि सावरली. मी एका हातात बाटली वर धरलेली, अंगावर शेणाची जर्सी, त्यावर जरीची शाल. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसताही येत नव्हतं. आईने पदराने माझं तोंड पुसायचा प्रयत्न केला, पण तिचा हात जेमतेम हनुवटीपर्यंत आला.

"सर, तुम्ही जरा बाजूला व्हा," डॉक्टर खालून म्हणाले. "ही आता उठेल."

सरांना कळलं नाही कुठे व्हायचं. म्हशीने मोठा ढेकर दिला, तिच्या अंगावरून थरथर गेली, आणि शेपटी उचलून तिने पातळ शेण टाकलं. सर बरोबर मागेच उभे होते. दोन्ही बूट आणि घोट्यापर्यंत पँट भरली. डॉक्टरांनी सुई काढली. मागचे पाय टेकवून म्हैस आधी मागून उठली, गुडघ्यांवर थांबली, मग पूर्ण उभी राहिली. रेडकू दाव्याला हिसका देऊन ओरडायला लागलं.

आनंद व्हायला हवा होता. मला फक्त ते बूट दिसत होते. मी बाटली टाकली, बादली घेऊन धावले आणि सरांच्या पायाशी बसले. "सर, काढा. मी धुते."

"अगं, मी धुतो."

"नाही सर, काढा."

आमची थोडी ओढाताण झाली. शेवटी त्यांनी बूट काढून दिले आणि अनवाणी खाटेवर जाऊन बसले. मी नळाखाली ब्रशने बूट घासले. कितीही घासले तरी शिवणीत पिवळसर राहिलं. पांढऱ्या कापडावरचं शेण पूर्ण जात नाही हे मला माहीत असूनही मी घासत होते. पाठीमागून सरांचा आवाज आला.

"मला वाटलं होतं, तू ती जपून ठेवली असशील."

मी वळले नाही. "बाजारात माझ्या मापाचं मिळत नाही, सर. वाकलं की पाठ उघडी पडते." एवढंच कारण होतं, पण ते बोलताना फार तोकडं वाटलं. मग मी म्हटलं, "मलाही वाटलं होतं जपून ठेवीन."

त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्यांनी काहीतरी मोठं, समजूतदार बोलून माझी सुटका केली असती तर मला जास्त अवघड गेलं असतं.

कॅप्टन डॉक्टरांना चहा देत होती. आई म्हणाली, दुसऱ्या म्हशींची धार सकाळपासून राहिलीय, सड तटतटलेत. मी हात धुऊन बादली घेतली आणि जवळच्या म्हशीखाली बसले. उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही, म्हणून मी तो बाजूला लांब टाकून, डाव्या पायावर भार देऊन, कंबरेत वळून बसते. इतकी वर्षं तशीच बसते. सर अनवाणी उठून आले आणि माझ्या बाजूला उभे राहिले.

"दुखतं का असं बसून?"

"संध्याकाळी दुखतं."

"दुखणारच. कंबर वळलीय. बसायला काही उंच नाही का?"

आईने पेंडीचा रिकामा डबा आणून दिला. सरांनी तो उलटा ठेवला, पायाने सरकवला. "यावर बस. दोन्ही टाचा जमिनीला. पाठ सरळ. आता पुढे वाक, कंबरेतून नको, खुब्यातून." मैदानात होता तोच आवाज. मी जसं सांगितलं तसं केलं. "अजून थोडी पुढे. हां." मी धार काढायला लागले. त्यांनी खाली वाकून माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, डबा आणखी बोटभर सरकवला, आणि माझी एक बादली भरेपर्यंत तिथेच उभे राहिले. वास त्यांना येत असणारच. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

निघताना आईने फ्रिजमधून चिकाची बाटली काढून सरांच्या हातात दिली. "खरवस करा घरी." ते ओल्या बुटांत पाय घालून गाडीत बसले. कॅप्टनने फोन हातात घेतला होता. तिने विचारलं, "आजचा एखादा फोटो टाकू का ग्रुपवर?"

"नको," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि तिने टाकला नाही.

म्हैस जगली. संध्याकाळी तिने भुसा खाल्ला. अत्तराची बाटली कॅप्टनला देऊन टाकायचं मनात आलं होतं, पण विसरले, ती आजही कपाटात आहे. साडी मी पुढे भाच्याच्या बारशाला नेसले. माझ्या मापाचे दोन लांब कुर्ते शिंपिणीकडून जाड कापडाचे शिवून घेतले, आणि जर्सी धुऊन ट्रंकेत ठेवली. तिच्यावरचे डाग गेले नाहीत. आता ती गोठ्यात नाही याने मला बरं वाटायला हवं होतं, पण कधी ट्रंक उघडली की पुन्हा तोंड तापतं. आईचं म्हणणं पडलं, एवढी दणकट होती, उगाच आत टाकलीस.

धामणकर नाक्यावर मी अजून ओढणी बांधते. लाज गेली असं मला म्हणता येणार नाही. ती आता थोडी वेगळ्या गोष्टींची वाटते. दोन-तीन दिवसांनी सरांचा फोन आला तेव्हा मी दूध उतरवत होते. मला वाटलं, काही बोलायचं राहिलं असेल.

"खरवस झालाच नाही," ते म्हणाले. "दोन तास वाफवला. नुसतं गोड दूध राहिलंय."

"सर, तो तिसऱ्या धारेचा चीक होता. पातळ असतो, त्यात साधं दूध घालायचं नसतं."

"माझ्या बायकोने घातलं."

"किती घातलं?"

ते आत विचारायला गेले. मी टेम्पोला टेकून उभी राहिले. मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, चहावाला "मॅडम, गाड़ी आगे लो" म्हणत होता. सर परत फोनवर येईपर्यंत मी गाडी हलवली नाही.